पाच एकर कोरडवाहू: बाप म्हणतो सोयाबीन, आई म्हणते ज्वारी, मी म्हणतो शेततळं

बालाघाटी
रवि, २ नोव्हेंबर २०२५, २२:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. चूकभूल पदरात घ्या.

गाव भूम तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर. मी चाकणला कंपनीत, घरी आई-वडील. पाच एकर, सगळी कोरडवाहू. तीन एकर मध्यम काळी ओढ्याकडंला, दोन एकर माळ. माळाला वीतभर माती, खाली मुरूम. विहीर आहे, पण संक्रांत झाली की तिचा आणि आमचा संबंध संपतो.

२०२३ ला ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला, सोयाबीनची फुलं गळाली, एकरी दोन कट्टे झाले. २०२४ ला पीक बरं होतं तर भाव पडला. हमीभाव ४,८९२ आणि आम्ही ४,१०० ला घालून आलो. यंदा तर मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, उन्हाळी मशागत झालीच नाही. तरी पेरलं, पीक कमरेला लागलं, आणि सप्टेंबरात काढणीच्या तोंडावर ओढा फिरला. दोन एकर जागेवर सडलं. ओढ्यालगतचं अर्धा एकर मातीसकट गेलं, खाली खडक दिसतोय. आई म्हणाली, रानाची कातडी सोलली.

दिवाळीला घरी गेलो तर भांडण. वडील म्हणतात पुढच्या मृगाला पुन्हा सोयाबीनच. आई म्हणते बास झालं, ज्वारी करा. मी म्हणतो अनुदानात शेततळं घेऊ. तिघांचंही आपापल्या परीनं बरोबर वाटतंय, म्हणून इथं विचारतोय. पाऊस असाच वागणार असेल तर एवढ्याशा रानात करायचं काय?

नानाची_टांग
रवि, २ नोव्हेंबर, २२:५१

आई बरोबर आहे. धागा बंद करा.

तिफण
रवि, २ नोव्हेंबर, २३:१५

बालाघाटी दादा, आमचं औसा. आमच्याकडं बी ह्याच गती. पर एक सांगतो, सोयाबीनला शिव्या देऊ नका, पेरायच्या पद्धतीला द्या. मी २०२१ पासून बीबीएफवर पेरतो. रुंद वरंबा, त्यावर चार तासं, दोन्ही बाजूंनी सऱ्या. २०२३ च्या खंडात सरीत मुरलेल्या पाण्यावर माझं पीक शेजाऱ्यापेक्षा आठ-दहा दिवस जास्त टिकलं. यंदा सप्टेंबरात सरीतनं पाणी निघून गेलं, वरंब्यावरचं वाचलं. सगळं न्हाई, पण निम्मं वाचलं. शेजारी सपाट पेरणारा, त्याच्या रानात बेडकं पोहत होती.

बियाणं बी कमी लागतं. एकरी तीस किलोच्या जागी बावीस-तेवीस.

अर्धा_इंजिनियर
सोम, ३ नोव्हेंबर, ०९:२०

माझा शेतीशी संबंध नाही, पण एक सुचवतो. पाच एकरात ड्रॅगन फ्रूट, ठिबक, मातीत सेन्सर, मोबाईलवर अॅलर्ट. कमी पाण्यात येतं आणि पुण्यात भाव आहे. आपण अजून पारंपरिक पिकांतच का अडकलोय?

नानाची_टांग
सोम, ३ नोव्हेंबर, ०९:२६

सेन्सर ओढ्यात वाहून गेल्यावर अॅलर्ट कुठून येणार? सीना नदीतून?

हिशोबनीस
सोम, ३ नोव्हेंबर, ११:०२

@अर्धा_इंजिनियर, हलके घ्या. ड्रॅगन फ्रूटला खांब, वरच्या चकत्या, रोपं, ठिबक असं धरलं तर एकरी लाखांत भांडवल जातं, आणि पहिली काही वर्षं हातात विशेष काही येत नाही. ज्याची उधारी बियाण्याच्या दुकानात सहा हजारांनी थांबते त्याला हे सांगणं म्हणजे उपाशी माणसाला मेनूकार्ड दाखवणं.

सोयाबीनचं माझ्या वहीतलं गणित देतो (बार्शी भाग, कोरडवाहू). बियाणं, खत, दोन फवारण्या, तणनाशक, उक्ती काढणी आणि मळणी मिळून एकरी सतरा हजार जातात. घरच्यांची मजुरी धरलेली नाही. बाजार ४,२०० धरला तर चार क्विंटलपर्यंत नुसता खर्च निघतो. यंदाचा हमीभाव ५,३२८ आहे, पण तो मिळायला आधी नोंदणी, मग ओलाव्याची अट, मग बारदाना. भिजलेलं सोयाबीन खरेदी केंद्राच्या दारातूनच परत येतं. म्हणजे ज्या वर्षी हमीभावाची गरज सर्वात जास्त, त्याच वर्षी तो आपल्याला लागू होत नाही.

मिलिबार
सोम, ३ नोव्हेंबर, १३:४५

"पाऊस असाच वागणार असेल तर" या वाक्यावर थोडं लिहितो, कारण पोटापाण्याचा धंदा हवामानाचाच आहे.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा एक अभ्यास आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना साधारण तिप्पट झाल्या असं त्यात दिसलं. अरबी समुद्र तापलाय, तिकडून येणारं बाष्प अधूनमधून लाटेसारखं आत येतं. दुसरीकडे २०२३ चा ऑगस्ट देशभराचा विचार केला तर १९०१ पासूनचा सर्वात कोरडा. म्हणजे बालाघाटींनी सांगितलेली दोन वर्षं ही दोन वेगळी संकटं नाहीत. पावसाचे दिवस कमी आणि पडला की धो धो, याचीच ती दोन टोकं आहेत.

त्यामुळे "मराठवाड्यात सरासरी पावसात फारसा फरक नाही" हे वाक्य वरवर खरं असलं तरी शेतकऱ्याच्या काही कामाचं नाही. पिकाला सरासरी पाजता येत नाही.

मिरगाचा_किडा
सोम, ३ नोव्हेंबर, १४:१०

अवांतर: आमचे आजोबा पंचांगात नक्षत्राचं वाहन बघून पेरायचे. बेडूक असला तर पाऊस, गाढव असलं तर वांधे. आमच्याकडं २०१२ पासून निम्म्या वर्षी प्रत्येक नक्षत्राचं वाहन टँकरच असतंय.

नानाची_टांग
सोम, ३ नोव्हेंबर, १४:१३

लातूरला २०१६ मध्ये रेल्वे होती. मिरजेहून. वाहनात प्रगती आहे.

वि_दे
सोम, ३ नोव्हेंबर, २१:३०

कृषी खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी बांधावर. म्हणून थोडं मोठं लिहितो.

तिफण यांच्या बीबीएफच्या अनुभवाला दुजोरा. फक्त यंत्र उताराला आडवं चाललं पाहिजे. उताराच्या दिशेनं सऱ्या काढल्या तर तो नाला होतो, माती आपण होऊन ओढ्याला पोचवतो. भाड्याचा ट्रॅक्टरवाला वळणं वाचवायला लांबीच्या बाजूनं हाणतो, तेव्हा बांधावर उभं राहायचं.

दुसरं, पेरणीची घाई. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की माझी बायको झोपेत म्हणते. तरी पहिल्या सरीला तिफण निघतेच, कारण शेजाऱ्यानं पेरलेलं असतं. मग दुबार पेरणी, आणि दुबारचं बियाणं उधारीवर. घरचं सोयाबीन राखा, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, सत्तर उगवले तर पेरा. यंदाचं भिजलेलं मात्र बियाण्याला अजिबात धरू नका.

तिसरं, तूर. नुसतं सोयाबीन कधीच नको. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. तुरीचं मूळ खोल जातं, ऑगस्टचा खंड ती दात-ओठ खाऊन काढते. बदनापूरचं बीडीएन ७११ हे वाण लवकर येतं, हलक्या-मध्यम रानात ओल संपायच्या आत हाती लागतं. मात्र पाणी साचतं तिथं तूर उधळते, म्हणजे उभी वाळते, हेही खरं.

खरडलेल्या अर्ध्या एकराचं: ऑक्टोबरात जाहीर झालेल्या सरकारी पॅकेजात अशा जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतचं काम आहे. अर्धा एकर म्हणजे ०.२० हेक्टर, रोख येतील नऊ हजार चारशे. त्यात माती येत नाही. पण पंचनाम्यात "पीक नुकसान" लिहिलंय की "जमीन खरडली" हे आधी तलाठ्याकडं जाऊन बघा. दोन्हींत फार फरक आहे.

बालाघाटी
सोम, ३ नोव्हेंबर, २२:१८

वि_दे सर, मनापासून आभार. वडिलांना फोन लावला. पंचनाम्यात नुसतं पीकच लिहिलंय. उद्या जातायत.

विमा_पीडित
मंगळ, ४ नोव्हेंबर, ००:३५

विम्याचं कुणीच कसं बोललं नाही? २०२३ ला एक रुपयात विमा आला तेव्हा सगळ्या गावानं काढला. माझं रान बुडालं, बहात्तर तासांत कळवायचं म्हणून मी रात्री दोनपर्यंत अॅपशी झटत होतो. फोटो चढला. पुढं माणूस आला तो एकविसाव्या दिवशी, तोवर रान वाळून उन्हाळ्यासारखं दिसत होतं. मिळाले ते आकडे सांगत नाही, लोक हसतील.

यंदाच्या खरिपापासून एक रुपया बंद, आपला हप्ता दोन टक्के. आणि आता भरपाई कापणी प्रयोगावर. महसूल मंडळात काही ठिकाणी कापून उत्पन्न काढणार, ते उंबरठ्याच्या खाली आलं तर सगळ्यांना. माझा एकट्याचा ओढा फुटला तर मी आणि ओढा.

मिलिबार
मंगळ, ४ नोव्हेंबर, ०९:५०

पर्जन्यमापकाचंही तेच. चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर पडला तर अतिवृष्टी, पण मोजणार कुठं? मंडळाच्या गावी. ढगाला मंडळाची हद्द माहीत नसते. पाच किलोमीटरवर ढग फुटतो आणि मापकात बावीस मिमी.

आणेवारी
मंगळ, ४ नोव्हेंबर, १०:०५

आमच्या गावची पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, २०१८ ला आधी ५२ पैसे आली होती. पन्नासच्या वर म्हणजे दुष्काळ नाही. दोन पैशांसाठी दुष्काळ हुकला म्हणून सरपंचांनी साहेबांना विचारलं, दोन पैसे आम्ही वर्गणी काढून भरू का?

मांजराकाठ
मंगळ, ४ नोव्हेंबर, १२:४०

शेततळ्यावर बोलतो, कारण माझ्याकडं आहे. २०१७ ला "मागेल त्याला शेततळे"मध्ये घेतलं, ३० बाय ३० बाय ३. साधारण वीस लाख लिटर बसतं. एका एकराला पन्नास मिमीचं एक पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतं. म्हणजे कागदावर पाच एकराला दोन पाणी. ऐकायला झकास.

आता पुढचं ऐका. तुमचा मुरूम आहे, म्हणजे प्लास्टिक घातल्याशिवाय थेंब राहणार नाही. प्लास्टिकचा खर्च खोदाईपेक्षा जड. तळ्याला नि भराव्याला मिळून पाव एकराच्या पुढं जागा जाते, ती पाच एकरवाल्याला डोळ्यात भरते. हिवाळ्यातसुद्धा रोज चार-पाच मिमी वाफ होते. नऊशे चौरस मीटर पसरट पाणी, म्हणजे दिवसाला चार हजार लिटर हवेत. उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. मी रोज सकाळी चहा पिताना एक टँकर आकाशाला अर्पण करतो.

आणि ओढ्याचं पाणी वळवून तळं भरणारे फार थोडे. आमच्या शिवारातली बहुतेक तळी बोअरनं भरतात. जमिनीतलं झाकलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, ह्याला जलसंधारण म्हणतात. माझंही तेच होतं, लपवत नाही. माझ्या बोअरनं शेजारणीची विहीर आटली तेव्हा ती बोलली काहीच नाही. नुसती मोटार काढून घरी घेऊन गेली.

भूजल_भाऊ
मंगळ, ४ नोव्हेंबर, १३:१५

कायदा आहे ना! २००९ चा भूजल कायदा, साठ मीटरच्या खाली सिंचनासाठी विहीर घेता येत नाही. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट.

मांजराकाठ
मंगळ, ४ नोव्हेंबर, १३:१९

माझं सातशे वीस आहे. कायद्याला तेवढ्या खोल उतरता येत नाही.

ऊसकरी
मंगळ, ४ नोव्हेंबर, १८:०२

सगळे बोला, पण यंदाच्या पावसात उभं काय राहिलं? ऊस. सोयाबीन सडलं, उडीद उगवून आला, कापूस काळा पडला. ऊस लोळला, पण त्याला एफआरपी आहे, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर. शेतकरी मूर्ख नाही.

भूजल_भाऊ
मंगळ, ४ नोव्हेंबर, १८:२०

आणि ज्या वर्षी पाऊस नसतो त्या वर्षी तोच ऊस गावाचं पिण्याचं पाणी पितो. २०१९ मध्ये विभागीय आयुक्त असताना सुनील केंद्रेकरांनी मराठवाड्यात उसावर बंदी घालावी असा अहवाल शासनाला दिला होता. तो कुठल्या कपाटात आहे?

ऊसकरी
मंगळ, ४ नोव्हेंबर, १८:२४

बंदी घाला, पण आधी दुसरं एक पीक दाखवा ज्याचा भाव पेरायच्या आधी कळतो.

(यापुढचे अकरा प्रतिसाद उसाच्या धाग्यावर हलवले आहेत. धाग्याचं काश्मीर करू नये, म्हणजे मूळ विषय सोडून वाद पेटवू नये. – संपादक)

हिवरेप्रेमी
बुध, ५ नोव्हेंबर, ०८:४५

एकट्यानं काही होत नसतं. हिवरेबाजार बघा. सिंचनाला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. दरवर्षी पावसाळ्यानंतर गाव बसून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि मग रब्बीला काय पेरायचं ते ठरतं.

तिफण
बुध, ५ नोव्हेंबर, ०९:३०

जाऊन आलो. ट्रॅव्हल्स भरून गेलतो. समदं पटलं. येताना गाडीतच भांडण लागलं की पहिलं बोअर कुणाचं बंद करायचं.

वि_दे
बुध, ५ नोव्हेंबर, ११:१०

हिवरेबाजारला पोपटराव पवार होते हे लोकांना दिसतं. नियम लोकांनी का पाळला, हे कुणी बघत नाही. त्याआधी पुरंदरात नायगावला विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत केली, तिचा नियम जमिनीवर नव्हता, माणशी होता. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर पाणी, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. ज्याला वाटा मिळतो तोच राखण करतो. आमच्या खात्यानं खोलीकरण पुष्कळ केलं. वाटणी ठरवायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही.

माळावरची_राणी
बुध, ५ नोव्हेंबर, १५:५५

पहिल्या प्रतिसादापासून "आई बरोबर" चाललंय, तर आईच्या बाजूनं कुणीतरी बोलावं म्हणून लिहिते. मी तुळजापूर तालुक्यातली, वय पन्नास, शेती मीच करते.

आईची ज्वारी तुम्हाला फार गोड वाटतीय. काढणार कोण? सोयाबीन उक्तं देता, मळणीयंत्र येतं, दोन दिवसांत रान मोकळं. रब्बीची ज्वारी आमच्याकडं अजून हातानं उपटावी लागते. पहाटे दवात, कारण ऊन चढलं की पान कापतं. मग पेंढ्या बांधा, बुचाड घाला, कणसं मोडा, मळा. तळहाताला फोड येतात ते मार्चपर्यंत राहतात. ज्वारी कमी झाली ती नुसती भावामुळं नाही, बायांनी कंबर धरली म्हणून पण झाली. हे कुठल्या अहवालात येत नाही.

आणि एकट्यानं पेरली तर शिवारातली सगळी पाखरं तुमच्याच रानात. पूर्वी सगळीकडं ज्वारी असायची, पाखरं वाटून खायची.

तरी मी पेरते. का ते सांगते. आमच्या लातूर-धाराशिवकडं स्वयम् शिक्षण प्रयोगच्या बायांनी एक एकराची शेती सुरू केली. घरच्या रानातलं एक एकर बाईनं मागून घ्यायचं आणि त्यात काय लावायचं ते तिनं ठरवायचं. ज्वारी, मूग, तूर, जवस, कडेला भाजी, शेणखत घरचं. माझ्या नवऱ्यानं मला माळाचंच एकर दिलं, म्हणाला कर काय करायचं ते. २०२३ ला त्याच्या चार एकरानं उधारी केली आणि माझ्या एकरानं घर खाल्लं. दुकानातनं त्या वर्षी तेल, मीठ आणि साखर एवढंच आणलं. विकून फार पैसा नाही आला. पण विकत आणावं लागलं नाही, हा पैसा कुणी मोजतच नाही. हिशोबनीसांच्या वहीत ह्याला रकाना आहे का?

सातबाऱ्यावर माझं नाव अजून नाही. तो वेगळा धागा.

हिशोबनीस
बुध, ५ नोव्हेंबर, १६:३०

रकाना नव्हता. आज आखला.

नानाची_टांग
बुध, ५ नोव्हेंबर, १६:३४

मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, पण उठून उभा राहून वाचला.

विजापूरकर
बुध, ५ नोव्हेंबर, २०:१५

सीमेपलीकडून इंडी तालुका. आमच्याकडे बिळीजोळ, म्हणजे पांढरी ज्वारी, अजून मोठी आहे आणि कारण एकच, गुरं. दाणा हा नफा, कडबा ही विम्याची पावती. सोयाबीनची गुळी म्हैस नाक मुरडून खाते. बालाघाटी, तुमच्या दारात काय आहे ते तुम्ही लिहिलंच नाही.

बालाघाटी
बुध, ५ नोव्हेंबर, २३:०५

खरंच की, महत्त्वाचं तेच राहिलं. दारात दोन म्हशी आणि एक कालवड. दूध खव्याच्या भट्टीला जातं. भूमचा खवा ठाऊक असेलच, पाच लिटरला किलोच्या आसपास पडतो. खरं सांगायचं तर गेली तीन वर्षं घर खव्यावर चाललंय. शेतीनं नुसतं कामाला लावलं. आणि मागच्या उन्हाळ्यात त्याच म्हशींना कडबा विकत घेतला, शेकडा अडीच हजारांनी. लिहिताना आत्ता लक्षात आलं, सोयाबीन विकून आलेले पैसे वडिलांनी कडब्याला दिलेत. आई हेच सांगत होती बहुतेक. फक्त ती "ज्वारी करा" एवढंच बोलते, पुढचं बोलत नाही.

वि_दे
गुरु, ६ नोव्हेंबर, ०७:२०

अहो, मग हे पहिल्या ओळीत लिहायचं! मी बियाण्याच्या जाती सांगत बसलो आणि प्रश्न वैरणीचा निघाला.

तुमच्या पट्ट्याची जुनी पद्धत उडीद काढून ज्वारी अशी होती. उडीद सत्तर-पंचाहत्तर दिवसांत निघतो, रान मोकळं होतं, ज्वारीला ओल मिळते. ती मोडली, कारण उडीद काढणीला येतो तेव्हाच आता पाऊस कोसळतो आणि शेंगा झाडावर उगवतात. म्हणून सगळा उडीद नको. एक एकर करा, गेला तर हिरवळीचं खत झालं समजा, ज्वारी तर साधेल.

रब्बी ज्वारीची खरी वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. आज ६ नोव्हेंबर, म्हणजे उशीर झालाय. पण यंदा ओल अजून वर आहे. मध्यम काळीत वापसा (पेरण्याजोगी ओल) असेल तर एक एकर टाकून द्या, दाणा कमी येईल, कडबा येईल. जात मालदांडी किंवा फुले सुचित्रा. माळासाठी पुढच्या वर्षी फुले अनुराधा, ती हलक्या जमिनीचीच आहे. उरलेल्यात हरभरा.

शेततळं तूर्त नको. खरडलेल्या तुकड्यावर आधी ओढ्याच्या बाजूनं दगडी ताल (बांध), मग तलावातला गाळ. ताल न घालता गाळ टाकाल तर पुढच्या पुरात तो परत तलावात जाईल.

बहात्तरी
गुरु, ६ नोव्हेंबर, १०:४०

गाळाचा विषय निघाला म्हणून. आमच्या गावचा पाझर तलाव ७२ च्या दुष्काळातला. माझ्या आईनं त्यावर माती वाहिली, मी आठ वर्षांचा होतो, सुकडी खायला जायचो. गेल्या उन्हाळ्यात त्यातला गाळ काढून आम्ही रानात टाकला. आईनं टोपल्यानं जे धरून ठेवलं ते मी ट्रॅक्टरनं घरी आणलं, एवढंच.

यवतमाळी
गुरु, ६ नोव्हेंबर, १३:००

विदर्भातून हजेरी. आमच्याकडे कापसात तूर असते, ज्वारी रानडुकरांनी संपवली. वाघ, डुक्कर आणि रोही यांचं हवामान बदलाशी काय नातं, यावर एक धागा काढा.

अर्धा_इंजिनियर
गुरु, ६ नोव्हेंबर, १९:१०

सगळा धागा वाचला. ड्रॅगन फ्रूट मागे घेतो. प्रामाणिक प्रश्न: ज्वारी उपटायचं यंत्र का नाही? भाताला आहे, गव्हाला आहे.

माळावरची_राणी
गुरु, ६ नोव्हेंबर, १९:३२

कारण उपटायला बाया फुकट मिळायच्या. तुम्ही इंजिनियर आहात ना? निम्मे तर निम्मे. करा की. मी वापरून बघीन, पण आधीच सांगते, कडबा मोडला तर परत पाठवीन.

बालाघाटी
रवि, २३ नोव्हेंबर २०२५, २१:५०

उशिरा लिहितोय, माफी. मधे दोनदा गावी जाऊन आलो.

पंचनामा दुरुस्त झाला. तलाठ्यानं आधी ऐकलं नाही, मग वडिलांनी त्याला उघड्या खडकावर नेऊन उभा केला. पैसे अजून नाहीत. ताल आम्ही दोघांनी घालायला घेतलाय. माझ्या पाठीनं राजीनामा दिला, वडिलांची शाबूत आहे.

आईनं ८ तारखेला ओढ्याकडच्या एका एकरात मालदांडी पेरली, उगवण चांगली आहे. एक एकर हरभरा. वडील सोयाबीनवर ठाम आहेत, पण पाचाऐवजी दोनच एकरांवर आलेत, आणि बीबीएफनं, मध्ये तूर घालून. तिफण दादांचा फोटो दाखवला तर म्हणाले, "ह्याची सरी वाकडी आहे." म्हणजे पटलंय. शेततळ्याचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

पाखरांची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वडीलच शेजारच्या दोन रानांत जाऊन आले आणि त्यांनाही ज्वारी टाकायला लावली. कारण विचारलं तर म्हणाले, "एकट्यानं पाखरं कोण राखणार?" जणू त्यांनाच सुचलं होतं. आता तीन बांध लागून अडीच एकर ज्वारी आहे.

तिफण
रवि, २३ नोव्हेंबर, २२:०५

सरी वाकडी न्हाई, फोटो वाकडा हाय. काकाला सांगा.

गोफण मला येती. दाणा भरायला लागला की बोलवा.

नानाची_टांग
रवि, २३ नोव्हेंबर, २२:०९

आम्हाला त्याच्या आठ दिवस आधी, हुरड्याला. गोफण घरी ठेवून या.